एकाच बाजूला पुन्हा पुन्हा भरणारे पाणी आणि मेसोथेलिओमाची लक्षणे

प्रश्न : माझे वडील ६९ वर्षांचे आहेत. जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात १९७८ पासून निवृत्तीपर्यंत ते बॉयलर विभागात फिटर होते. आता आम्ही नाशिक रोडला राहतो. चार महिन्यांपूर्वी त्यांना धाप लागू लागली आणि एक्स-रेमध्ये छातीत उजव्या बाजूला पाणी झालेले दिसले. पाणी काढून टीबीची औषधे सुरू केली, पण अडीच महिन्यांत पाणी पुन्हा भरले. ताप कधीच नव्हता. एका नातेवाइकांनी मेसोथेलिओमा हे नाव घेतल्यापासून घरात सगळे घाबरले आहेत. या आजाराची लक्षणे कशी ओळखायची?

उत्तर : आपल्या वडिलांना हा आजार आहे किंवा नाही, हे केवळ वर्णन वाचून कोणालाही सांगता येणार नाही. परंतु आपण लिहिलेल्या मोजक्या ओळींत काही गोष्टी अशा आहेत की त्या एकत्र दिसल्यावर डॉक्टरांनी थांबून पहिल्यापासून विचार करायला हवा. पाणी एकाच बाजूला आहे, औषधे चालू असताना ते पुन्हा भरले आहे, ताप नव्हता, आणि आपल्या वडिलांची उमेदीची सगळी वर्षे बॉयलरजवळ गेली आहेत. नाशिकमध्ये गेली २७ वर्षे मी छातीचे रुग्ण पाहतो आहे. हा आजार दुर्मीळ असल्याने माझ्याकडे आलेले असे रुग्ण थोडेच आहेत, पण त्यांच्यापैकी बहुतेकांचे निदान उशिरा झाले, आणि प्रत्येक वेळी कारण जवळपास एकच होते : एकेका लक्षणाला एकेक साधे स्पष्टीकरण मिळत गेले आणि सगळी लक्षणे एका ठिकाणी मांडून कोणी पाहिली नाहीत.

लक्षणे समजण्यासाठी हा आजार नेमका कुठे होतो हे आधी पाहावे लागेल. फुप्फुसाभोवती दोन पातळ पदर असतात. एक फुप्फुसाला चिकटलेला असतो आणि दुसरा बरगड्यांच्या आतल्या बाजूला अस्तरासारखा लागलेला असतो. दोहोंमध्ये एरवी जेमतेम दोन-तीन चमचे ओलावा असतो, जेणेकरून श्वास घेताना ते एकमेकांवर सहज सरकावेत. या पदरांच्या पेशींचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा. फुप्फुसाच्या नेहमीच्या कर्करोगासारखी एका जागी गाठ न होता, पावसाळ्यात भिंतीला ओल धरत जावी तसा तो पदरावर पसरत जातो. म्हणून सुरुवातीला एक्स-रेमध्ये गाठ दिसत नाही, दिसते ते फक्त पाणी. बरगड्यांकडच्या पदराला वेदनेच्या नसा असतात, फुप्फुसाकडच्या पदराला नसतात. त्यामुळे दुखणे कधी सुरुवातीलाच असते, तर कधी बरेच नंतर येते.

धाप ही बहुधा पहिली तक्रार असते, पण ती सांगितली जाते फार उशिरा. पाणी हळूहळू भरत जाते आणि माणूस नकळत आपली चाल त्याला जुळवून घेतो. दर रविवारी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढणारा माणूस आधी अर्ध्या वाटेवर टेकू लागतो, मग वय झाले म्हणून जाणेच सोडतो, आणि घरातल्या घरात वावरताना त्रास होत नसल्यामुळे आपल्याला धाप लागते हे त्याला पटतच नाही. म्हणून मी रुग्णाला ‘धाप लागते का’ असे विचारत नाही. ‘गेल्या दिवाळीत जे सहज जमत होते, त्यातले आता काय सोडून दिले आहे,’ असे विचारतो, आणि हा प्रश्न शक्यतो पत्नीला, मुलीला किंवा सुनेला विचारतो, कारण उत्तर त्यांच्याकडे असते. आणखी एक गोष्ट पाहावी. उजव्या बाजूला पुष्कळ पाणी असलेल्या माणसाला बहुधा उजव्या कुशीवर बरे वाटते, कारण डाव्या कुशीवर वळताच काम करणारे फुप्फुस खाली दबते. वडिलांनी झोपण्याची कूस गेल्या काही महिन्यांत बदलली आहे का, हे आपल्या आईंना विचारा.

पाणी काढल्यावर एक-दोन दिवसांत मोकळे वाटते आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच सुरू होते, ही वाटचाल या आजारात वारंवार दिसते. मात्र पुढच्या टप्प्यात घडणारी गोष्ट अधिक फसवी असते. पदर जाड आणि कडक होऊन फुप्फुसाला कवचासारखे आवळतो, पाण्याला जागाच उरत नाही, आणि सोनोग्राफीत पाणी कमी झाले असा अहवाल येतो. घरात समाधान पसरते, पण रुग्णाची धाप कमी झालेली नसते. पाणी ओसरले आणि तरीही श्वास मोकळा झाला नाही, तर ते बरे होण्याचे चिन्ह मानू नये. एक्स-रेमध्येही याची खूण सापडते. साध्या पाण्याचा मोठा साठा श्वासनलिका आणि हृदय यांना दुसऱ्या बाजूला ढकलतो. या आजारात अर्धी छाती पांढरी दिसूनही ती जागची हललेली नसतात, किंवा आजारी बाजूकडेच ओढली गेलेली असतात आणि त्या बाजूच्या बरगड्या जवळ आलेल्या दिसतात.

आता दुखण्याविषयी. टीबीच्या पाण्याच्या सुरुवातीला किंवा न्यूमोनियात येणारी कळ तीक्ष्ण असते, खोल श्वास घेतला किंवा खोकला आला की ती सुरी टोचल्यासारखी येते, आणि पाणी भरून पदर एकमेकांपासून दूर झाले की बरेचदा कमी होते. मेसोथेलिओमाचे दुखणे मंद, खोल आणि सततचे असते. रुग्ण त्याला जडपणा म्हणतात, ठसठस म्हणतात, बरगड्यांत काहीतरी रुतल्यासारखे वाटते असे सांगतात. ते श्वासाशी फारसे बांधलेले नसते, रात्री जास्त जाणवते, आणि कधी खांद्यात किंवा खांद्याच्या फऱ्याखाली उतरते. आपल्याकडे अशा दुखण्याला उसण भरली म्हणण्याची पद्धत आहे. त्यावर शेक, मलम, चोळणे, मानेचा एक्स-रे असा प्रवास होतो आणि दोन-तीन महिने निघून जातात. उसण आठ-पंधरा दिवसांत उतरते. एकाच बाजूला महिनाभराहून अधिक टिकलेले आणि आठवड्यागणिक वाढणारे दुखणे, विशेषतः त्याच बाजूला पाणी असताना, उसण म्हणून सोडून देऊ नये.

कोरडा खोकला, भूक मंदावणे, वजन उतरणे, अंग गळून जाणे, रात्री घाम येणे ही लक्षणेही असतात, पण ती टीबीत, फुप्फुसाच्या कर्करोगात आणि इतर अनेक आजारांत येतात, त्यामुळे ती निदानाकडे बोट दाखवत नाहीत. खोकल्यातून रक्त पडणे मात्र मेसोथेलिओमात क्वचितच असते. रक्त पडत असेल तर टीबी किंवा फुप्फुसाच्या आतला कर्करोग यांचा विचार आधी करावा लागतो. जिथून पूर्वी सुई घालून पाणी काढले होते त्याच जागी त्वचेखाली घट्ट गाठ येणे, हे लक्षण सहसा कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. ती दिसल्यास डॉक्टरांना लगेच दाखवावी.

टीबीविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडचा खरा पेच तिथेच आहे. आपल्या देशात छातीत एका बाजूला पाणी झालेल्या रुग्णांत टीबीचे प्रमाण इतके मोठे आहे की डॉक्टरांनी आधी टीबीचा विचार करणे योग्यच आहे, आणि आपल्या वडिलांच्या डॉक्टरांनी तसे केले यात मला चूक दिसत नाही. अडचण येते ती पुढे. टीबीच्या पाण्यात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी आणि प्रथिने जास्त असतात, आणि मेसोथेलिओमाच्या पाण्यातही तसेच असू शकते. एडीए ही पाण्यातल्या एका एन्झाइमची तपासणी इथे उपयोगी पडते. ती प्रतिलिटर ४० युनिटपेक्षा बरीच वर असेल तर टीबीकडे कल जातो, आणि वयस्कर माणसात ती कमी असेल तर टीबीविषयी शंका घ्यायला हवी. पण मेसोथेलिओमाच्या काही रुग्णांतही एडीए वाढलेली आढळते, म्हणून केवळ त्या आकड्यावर विसंबता येत नाही. उलट बाजूनेही हेच खरे आहे. पाण्याच्या सीबीनॅट तपासणीत टीबीचे जंतू न सापडल्याने टीबी नाही असे ठरत नाही, आणि पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत या अहवालाने मेसोथेलिओमा नाही असेही ठरत नाही. पाण्याच्या पेशीतपासणीत हा आजार तीनपैकी साधारण एकाच रुग्णात पकडला जातो. ‘कॅन्सरच्या पेशी नाहीत’ हे वाक्य वाचून निर्धास्त झालेली कुटुंबे मी पाहिली आहेत, म्हणून हे पुन्हा सांगतो : त्या अहवालाचा अर्थ एवढाच की त्या नमुन्यात पेशी दिसल्या नाहीत.

मीही यात चुकलो आहे. बरीच वर्षे झाली. वाफेच्या इंजिनांच्या दुरुस्तीत आयुष्य घालवलेले एक निवृत्त गृहस्थ मनमाडकडून माझ्याकडे आले होते. डाव्या बाजूला पाणी, लिम्फोसाइट जास्त, वजन उतरलेले. मी टीबीची औषधे सुरू केली. तिसऱ्या महिन्यात पाणी पुन्हा भरले, तेव्हा मी ते काढले आणि औषधे तशीच चालू ठेवली. पाचव्या महिन्यात पदराचा तुकडा तपासायला पाठवला आणि निदान समोर आले. त्यानंतर त्यांच्या पत्नी सहज बोलून गेल्या की यांचे कामाचे कपडे झटकले की पांढरा भुगा पडायचा. हे वाक्य मला पहिल्याच दिवशी मिळू शकले असते, मी विचारले नव्हते एवढेच. तेव्हापासून टीबीचे औषध घेत असताना सहा-आठ आठवड्यांनंतरही पाणी हटत नसेल किंवा पुन्हा भरत असेल, तर केवळ पाणी काढून रुग्णाला घरी पाठवायचे नाही, तुकडा तपासायचाच, हा नियम मी स्वतःपुरता घालून घेतला आहे. आपल्या वडिलांच्या बाबतीत ती वेळ आलेली आहे, असे माझे मत आहे. टीबीची औषधे मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. तो निर्णय तपासण्या हाती आल्यावर त्यांच्या डॉक्टरांनी घ्यायचा आहे.

कामाचा इतिहास म्हणजे केवळ हुद्द्याची नोंद नव्हे. या आजाराचे प्रमुख कारण ॲस्बेस्टॉसचे तंतू हे आहे. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप भागातील ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा हा संबंध ठळकपणे जगासमोर आला. त्यांतील अनेक जण खाणीत कधी उतरलेच नव्हते, त्यांचे बालपण फक्त निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरात गेले होते. पुढे निळे, तपकिरी आणि पांढरे असे ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक ठरले. तंतू श्वासावाटे आत जाण्यापासून आजार दिसेपर्यंत २० ते ५० वर्षे जातात. हा काळ इतका मोठा आहे की दोन्हींचा संबंध रुग्णाच्या स्वतःच्याही मनात येत नाही. भारतात ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणे १९८६ मध्ये थांबले, परंतु आयात केलेल्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा वापर त्यानंतरही चालू राहिला.

म्हणून वडिलांजवळ शांतपणे बसून विचारा. गळीत हंगाम संपल्यावर, कारखाना बंद असताना, बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवरचे जुने लॅगिंग (उष्णता रोखणारे आवरण, ज्यात पूर्वी बरेचदा ॲस्बेस्टॉस असायचे) फोडून नवे चढवण्याचे काम कोण करत होते, ते स्वतः करत होते की शेजारी दुसरे कोणी करत असताना तिथे वावरत होते, लेप कोरडा कालवला जायचा का, व्हॉल्व्हच्या पॅकिंगला पांढरी दोरी आणि झाकणांना पांढरे पत्रे कापून गॅस्केट बनवले जात होते का, तोंडाला काही बांधत होते का, आणि कपडे घरी धुतले जात होते का. वर्षे अंदाजे असली तरी चालतील, ती कागदावर लिहा. साखर कारखान्यातल्या माणसाला आणखी एक प्रश्न पडतो, तो बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या धुळीचा. त्या धुळीने फुप्फुसाचा वेगळा आजार होतो, त्यात ताप, खोकला आणि धाप असते आणि दोन्ही फुप्फुसांवर परिणाम होतो. एका बाजूला पुन्हा पुन्हा पाणी भरणे हे त्याचे रूप नव्हे. कपड्यांचा प्रश्न आपल्या आईंसाठीही महत्त्वाचा आहे. कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या स्त्रियांना हा आजार झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. त्यांना आज काही त्रास नसेल तर घाबरून दरवर्षी सीटी स्कॅन करण्याची गरज नाही, लक्षणे नसलेल्या माणसाला त्याचा लाभ होतो असे सिद्ध झालेले नाही; पण धाप किंवा छातीत एका बाजूला सतत दुखणे सुरू झाले, तर ही माहिती डॉक्टरांना पहिल्या भेटीतच द्यावी.

तपासण्यांचा क्रम साधारण असा असतो. प्रथम शिरेतून औषध देऊन छातीचा सीटी स्कॅन केला जातो. पदर सर्व बाजूंनी, गोलाकार जाड झाला आहे का, त्याला गाठीगाठी आहेत का, जाडी एक सेंटिमीटरपेक्षा अधिक आहे का, आणि हृदयाकडच्या बाजूचा पदरही त्यात सापडला आहे का, हे पाहिले जाते. अहवालात ‘प्लाक’ हा शब्द दिसला तर दचकू नका. ते पदरावरचे निरुपद्रवी चट्टे असतात, त्यांचा कर्करोग होत नाही, मात्र ॲस्बेस्टॉसशी जुना संबंध आल्याची ती साक्ष असते. त्यानंतर थोरॅकोस्कोपी, म्हणजे बरगड्यांमधून लहान छिद्र पाडून दुर्बिणीने पदर प्रत्यक्ष पाहणे आणि संशयित जागेचे तुकडे घेणे. दहापैकी नऊहून अधिक वेळा निदान यातून हाती येते. पाणी वारंवार सुईने काढत राहिले तर आत जाळी होऊन पदर एकमेकांना चिकटतात आणि मग दुर्बीण घालायला जागा मिळत नाही. पुन्हा नुसते पाणी काढण्यापूर्वी थोरॅकोस्कोपीविषयी विचारा, असे मी म्हणतो त्याचे हे कारण आहे. तुकड्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री ही विशेष तपासणी लागते आणि तिला काही दिवस लागतात. मेसोथेलिओमा आणि दुसरीकडून पदरावर पसरलेला कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसू शकतात, त्यांच्यातला फरक या तपासणीने करता येतो. शंका राहिल्यास तुकड्याचे ब्लॉक (मेणात जपलेले नमुने) मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या ठिकाणी पुन्हा वाचून घेता येतात. त्यासाठी रुग्णाला पहिल्याच फेरीत नेण्याची गरज नसते.

हाच आजार पोटाच्या आतल्या पदरालाही होतो. तेव्हा पोट फुगणे, त्यात पाणी होणे, मंद दुखणे, पोट साफ न होणे, आणि हात-पाय बारीक होत असताना पट्टा घट्ट होणे, अशी लक्षणे दिसतात.

दोन गैरसमज आपल्या घरातही असतील, म्हणून लिहितो. वडील कधी विडी-सिगारेट ओढत नव्हते म्हणून हा आजार होणार नाही, असे म्हणता येत नाही; मेसोथेलिओमाचा तंबाखूशी संबंध नाही. ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेला माणूस धूम्रपानही करत असेल तर फुप्फुसाच्या नेहमीच्या कर्करोगाचा धोका मात्र फार वाढतो. दुसरे, घरावर किंवा गोठ्यावर ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे जुने पत्रे आहेत म्हणून आज घर सोडण्याची आवश्यकता नाही. अखंड पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. ते सुटतात पत्रा कापताना, भोके पाडताना, फोडताना आणि कोरडा घासताना. अशी कामे घरी करू नयेत, आणि करावीच लागली तर पत्रा पूर्ण भिजवून, मुलांना दूर ठेवून करावीत.

उपचारांविषयी आपण विचारलेले नाही, तरी मनात तो प्रश्न असणारच. हा आजार पूर्ण बरा होणे कठीण आहे, हे मी लपवणार नाही. पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन या औषधांच्या जोडीने, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) सुमारे ९ महिन्यांवरून १२ महिन्यांवर गेले. २०२० पासून इम्युनोथेरपीची दोन औषधे एकत्र देण्याचा पर्यायही आला आहे. आजाराचा उपप्रकार कोणता यावर बरेच अवलंबून असते, त्यातल्या त्यात एपिथेलिऑइड प्रकाराची वाटचाल बरी असते. धापेवरचा उपचार मात्र लगेच करता येतो. पदरांमध्ये औषधी टाल्क पसरून ते एकमेकांना चिकटवता येतात, किंवा बारीक नळी कायम ठेवून घरीच पाणी काढता येते, आणि माणूस पुन्हा अंगणात फिरू लागतो. वेदनेसाठी मॉर्फीन सुचवले तर व्यसन लागेल या भीतीने नकार देऊ नका.

निदान ठरलेच तर वडिलांच्या नोकरीची कागदपत्रे उपयोगी पडतील. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ याच्या तिसऱ्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला होता; आता त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपण्याचा आदेश दिला होता. साखर कारखाना त्या व्याख्येत बसेल असे नाही, म्हणून सेवा प्रमाणपत्र, विभागाची नोंद आणि त्यांच्यासोबत काम केलेल्या दोन-तीन सहकाऱ्यांची नावे आपणच आता गोळा करून ठेवावीत.

या आठवड्यात छातीरोगतज्ज्ञांकडे जाताना पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे तारखेच्या क्रमाने लावा, काढलेल्या पाण्याचे अहवाल, एडीएचा आकडा, किती पाणी निघाले आणि त्याचा रंग कसा होता, हे लिहून न्या, आणि कामाच्या वर्षांचा तो कागद सर्वांत वर ठेवा. भेटीची तारीख यायच्या आधी वडिलांना बसल्या जागी धाप लागू लागली, आडवे होता येईनासे झाले, ओठ निळसर दिसू लागले किंवा थंडी वाजून ताप आला, तर तारखेची वाट न पाहता, रात्र असली तरी, त्याच वेळी रुग्णालयात न्या.